याकू, चांदणीला मोजायचं नव्हतं

याकू,

तुला मातीत ठेवून आज सतरा दिवस झाले आणि माझं भांडण अजून संपलेलं नाही. सकाळी चहा ठेवते तेव्हा भांडते, भाकरी थापते तेव्हा भांडते. एस्तेर दारात येऊन विचारते, "आक्का, कुणाशी बोलून राहिल्या?" मी म्हणते, "तुझ्या नवऱ्याशी. उत्तर दे म्हणावं त्याला." ती बिचारी तोंडाला पदर लावते. मग मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की माझा राग दुप्पट होतो, हे तुला ठाऊकच आहे.

स्मरणाच्या प्रार्थनेत दोन शब्द बोला म्हणाले मला. दोन शब्दांत तुझं काय मावणार? तुझी तर नुसती तंबाखू सोडायची आश्वासनं सांगायची म्हटली तरी दुपार होईल. म्हणून लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं, हे मी विसरले नाही. जन्मभर तुला मीच वाचून दाखवलं, हेही मीच वाचून दाखवीन. कबरीपाशी बसून, मोठ्यानं. उठून जाता येणार नाही तुला आता.

आधी मातीच्या दिवसाचं सांगते, कारण तू नव्हतास. होतास, पण नव्हतास.

आपले नवे पाळक, पोरसवदा आहेत, चांगले आहेत. खड्ड्याच्या कडेला उभे राहून म्हणाले, "देव आपल्या कळपातलं उत्तम तेच निवडून घेतो. म्हणून त्यानं याकोबभाऊंना बोलावलं." सगळे आमेन म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, "खोटं आहे."

एस्तेरनं माझा पदर ओढला. मी म्हटलं, "ओढू नको. पाळकसाहेब, देव निवडत नसतो. ज्याला पुरून राहिला तुम्ही, त्यानं हयातभर हेच केलं आणि हेच सांगितलं. काठीखालून दहावं जातं. ते उत्तम नसतं आणि वाईटही नसतं. ते दहावं असतं, बस."

पाळकांना काही कळलं नाही. लोकांना वाटलं, म्हातारीला भोवळ आली. कुणीतरी पाणी आणलं. मी पाणी प्याले, कारण तहान लागली होती, पण माझं म्हणणं मागं घेतलं नाही.

आता हे वाचणाऱ्यांना सांगायला पाहिजे की दहावं म्हणजे काय. तुला माहीत आहे, तरी ऐक. सुरुवात माझ्यामुळे झाली, हे कबूल करायचंय मला.

आप्पांकडे, आपल्या बापाकडे, पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल होतं, पण त्यांना वाचता येत नव्हतं. पेटीत कपड्यांखाली ठेवायचे. मी शाळेत गेले नाही. साखरेच्या पुड्यांचे कागद आणि नायगावच्या बाजारातल्या पाट्या, एवढ्यावर अक्षरं जुळवली मी. शेळ्या लिंबाखाली रवंथ करत बसल्या की मी ते शास्त्र मांडीवर घ्यायची आणि तू माझ्या पायाशी बसून काटे काढायचास, स्वतःचे नाहीतर शेळीचे. मी बारा वर्षांची, तू आठ.

एका दुपारी मोशेच्या नियमांतलं एक पान निघालं. फार जुन्या काळी इस्राएल लोकांना दिलेला नियम. गुरांतलं, शेरडामेंढरांतलं जे जे काठीखालून जाईल, त्यातलं दर दहावं देवाचं. ते चांगलं आहे की वाईट हे धन्यानं बघायचं नाही. बदली करायची नाही. केलीच, तर मूळचंही देवाचं आणि बदलीचंही देवाचं, दोन्ही गेली.

मी पान उलटणार तेवढ्यात तू म्हणालास, "थांब आक्का. परत वाच."

मी परत वाचलं.

"दहावं मंजे शेवटचं?"

"शेवटचं न्हाई रे. दहावं. अकरावं निघालं तर ते आपलं."

"आन नऊच असले तर?"

"तर देवाला काही न्हाई."

तू हातातला काटा लांब फेकलास. "आन लंगडं निघालं तर?"

"लंगडं तर लंगडं."

"हे बरंय," तू म्हणालास. "मंजे देवाला कुणी शहाणपणा दाखवायचा न्हाई."

मला वाटलं, पोरगं आहे, विसरून जाईल. पण तू जे धरून बसलास ते बसलास. स्वतःचा कळप झाल्यावर दरवर्षी, चर्चमध्ये कापणीचा सण असतो त्याच्या आधी, तू बाभळीच्या काट्यांचं कुंपण करायचास. त्या सालातली सगळी करडं आत. एका वेळी एकच निघेल एवढी वाट. आणि त्यांच्या आया बाहेर. आया ओरडल्या की करडं आपल्या पायांनी धावत निघायची. "हातानं काढलं की निवड झाली," म्हणायचास. वाटेवर काठी आडवी धरून उकिडवा बसायचास आणि मोजायचास, एक, दोन, तीन. दहाव्याच्या पाठीवर गेरूचं बोट. ते चर्चला, सणाच्या प्रीतिभोजनाला. सगळी मंडळी एका पंगतीत बसून खायची.

गाव हसायचं. कोपऱ्यावरचे रसूलचाचा कुंपणाला टेकून म्हणायचे, "याकूब, इत्ता तामझाम कायको करता? मोटा वाला उठा के दे और छुट्टी कर." आणि तू काठी न हलवता म्हणायचास, "चाचा, मोटा मैं चुना तो फिर खुदा मैंच हो गया ना." चाचा हसत हसत निघून जायचे. दुसऱ्या सालीही तेच विचारायचे. मला वाटतं, ते उत्तर ऐकायलाच यायचे.

तोवर मला तुझं कौतुक होतं. खरं सांगते. मी वाचलेलं कुणी एवढं पाळलं, याची मला मिरवणूक काढावीशी वाटायची. मग चांदणीचं साल आलं.

मालक वारल्यावर मी परत माहेरी आले, तुझ्या भिंतीला भिंत लावून दोन खणांत राहिले. मूल नाही, बाळ नाही. त्या श्रावणात झड लागली होती. तुझी म्हातारी काळी शेळी व्याताना अडली आणि गेली. करडू तू ओढून काढलंस, काळंभोर, लांब कानांचं, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. थंडीनं थरथरत होतं. तू त्याला माझ्या मांडीवर टाकलंस आणि म्हणालास, "घे आक्का. हिची आई आता तू."

दुसऱ्या दिवशी तू मेलेल्या शेळीचं कातडं काढलंस. मला राग आला होता, एवढी काय घाई म्हणून. तू त्याला मीठ चोळलंस, चुलीच्या उबेला वाळवलंस आणि माझ्या टोपलीत अंथरलंस. म्हणालास, "आईचा वास राहतो. झोपंल." आणि चांदणी झोपली. बाटलीनं दूध पाजलं मी तिला, चिंधीनं पुसलं. चुलीपाशी मी बसले की हनुवटी माझ्या पायावर ठेवायची. तिला कुणी हाक मारली तर तिच्याआधी मी वळायची, आणि मला मारली तर माझ्याआधी ती.

आणि त्या साली तू मोजायला बसलास. मी तुला म्हटलं होतं, चांदणीला आत घालू नको, ती माझी आहे. तू म्हणालास, "तुझी मंजे कळपातली न्हाई का?" मला वाटलं, तेवीस करडं आहेत, कशाला तीच निघंल? तिची आई बाहेर नव्हती, म्हणून बाहेर मी उभी राहिले. मीच हाक मारली तिला, याकू. मीच. बाकीची ढकलाढकली करत होती आणि ती माझ्या आवाजाला सरळ धावत आली. तू म्हणालास, "दहा." आणि गेरूचं बोट लावलंस.

तुझा हात थरथरला होता. मी पाहिलं. तेव्हाच मला वाटलं, हा थांबेल. तू थांबला नाहीस. "अकरा," म्हणालास.

रडले, पाया पडले तुझ्या, मोठी बहीण असून. तू एकच म्हणत राहिलास, "आक्का, तूच वाचलं होतं." अरे, मी वाचलं म्हणून तू पाळलंस ना? मग तीच मी, तोंडानं सांगून राहिले की सोड, तर माझं का ऐकलं नाहीस? कागदावरची आक्का खरी आणि समोर उभी आक्का खोटी?

मग मी काय केलं ते तू कधी कुणाला सांगितलं नाहीस, आज मीच सांगते. सणाच्या सकाळी, तू गवत आणायला गेलास तेव्हा, मी चांदणीच्या पाठीवरचा गेरू साबणानं धुतला. तव्याच्या बुडाची काजळी काढून तिचं कपाळ काळं केलं. तिच्याच उंचीची दुसरी एक काळी पाट, मादी करडू, धरली, आणि त्या पाटीच्या पाठीवर गेरू, कपाळावर चुन्याचा ठिपका. मला वाटलं, झालं. चाळीस वर्षं शेळ्या राखणाऱ्या माणसाला मी चुन्यानं फसवायला निघाले होते.

तू आलास. एका हातानं एकीचं कपाळ कुरवाळलंस, दुसऱ्या हातानं दुसरीचं. मग तळवे पाहिलेस. एक काळा, एक पांढरा. माझ्याकडे बघितलंही नाहीस. हात धोतराला पुसलेस आणि दोघींच्या गळ्यात दोर घातलास.

मी ओरडले, "एक तरी ठेव!"

"बदली झाली आक्का," तू म्हणालास. "आता दोन्ही."

त्यावर मी जे बोलले ते अख्ख्या गल्लीनं ऐकलं. "तुझ्या दारातून असंच कुणी जाईल तेव्हा बघते मी, तू बदली मागतो का न्हाई!" मी, जी मंडळीत प्रार्थना चालवते, ती असं बोलले.

प्रीतिभोजनाला मी गेले नाही. त्या सणाला नाही, त्यानंतरच्या एकाही सणाला नाही. पुढली कापणी येईस्तोवर तुझ्याशी अवाक्षर बोलले नाही. तू रोज सकाळी माझ्या खिडकीत दुधाचा तांब्या ठेवून जायचास, मी घ्यायची आणि रिकामा तांब्या परत खिडकीत आदळायची. एवढंच बोलणं. पुढे बोलायला लागलो आपण, माणसं किती दिवस गप्प बसतील? पण चांदणीचं नाव तू काढलं नाहीस आणि मीही नाही. एकदा, फक्त एकदा, गेल्या उन्हाळ्यात, काही नसताना तू म्हणालास, "आक्का, त्या साली..." आणि मी म्हटलं, "दूध उतू चाललंय," आणि आत गेले. दूध उतू जात नव्हतं. मला ऐकायचं नव्हतं. तुझं ते अर्धं वाक्य माझ्या घशात काट्यासारखं अडकलंय, आणि काटे काढणारा तू.

आता तुझ्यावरचा राग ऐक. महिनाभर खोकलास आणि म्हणालास, धूळ आहे. ताप आला, म्हणालास, ऊन आहे. विष्णुपुरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, एवढा उशीर का केला? मी काय सांगू त्यांना? की ह्याला करडाचा खोकला कुंपणापलीकडून ऐकू येतो आणि स्वतःचा येत नाही?

बाहेरच्या बाकड्यावर मी तीन दिवस बसले. तू बदली मागतोस का ते बघणार होते ना मी? बदली मीच मागितली. डोळे मिटून म्हटलं, देवा, ह्याला सोड, मला घे. मी मोठी आहे, माझ्यामागं कुणी नाही, शेळ्यांना मी काही उपयोगाची नाही. ह्याला ठेव, मला घे. एकदा नाही, जप केल्यासारखं म्हणत राहिले.

मग सांग मला, नियम काय आहे? बदली केली की दोन्ही जातात. तूच शिकवलंस मला, काळे-पांढरे तळवे दाखवून. मी बदली केली. तू गेलास. मग मी इथं काय करून राहिले? माझ्या वेळेला देवानं नियम का मोडला? तुझ्या करडांना एक कायदा आणि मला दुसरा? हे मी पाळकांना विचारलं तर ते म्हणाले, "आक्का, तुम्ही आराम करा."

आठव्या दिवशी लातूरहून एक म्हातारे गुरुजी भेटायला आले. बरीच वर्षं शास्त्र शिकवलेलं, आता कानानं कमी ऐकतात. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "गुरुजी, त्या दहाव्याचं सांगा. चांगलं-वाईट बघायचं नाही, बदलायचं नाही, हे मला माहीत आहे. आणखी काय?"

गुरुजी खूश झाले. त्यांना वाटलं असेल, रडणारी बाई भेटेल, आणि भेटली ती परीक्षा घेणारी. म्हणाले, पुढं ज्यू लोकांच्या जुन्या शास्त्र्यांनी ह्या मोजणीवर बारीक बारीक नियम केले. आया बाहेर उभ्या करायच्या, करडं आपल्या पायांनी निघाली पाहिजेत, आणि दहाव्याला लाल खूण. अरे, तुला हे कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. तू आपल्या डोक्यानं तिथं पोचला होतास. मला अभिमान वाटला आणि लगेच त्याचाही राग आला.

मग गुरुजी म्हणाले, "आणि काही जनावरं मोजणीत घालायचीच नाहीत. फार लहान असलेलं. आणि पोरकं."

"पोरकं म्हणजे?"

"जन्मतानाच ज्याची आई मेली ते. त्याला काठीखाली घालायचं नाही."

माझ्या हातातली बशी खाली पडली. मी किंचाळलेच, "ऐकलं का एस्तेर! चांदणीला मोजायचं नव्हतं! नव्हतंच मोजायचं! मी जिंकले!"

आणि भिंतीकडे वळून तुला हाक मारली, याकू. तुला सांगायला. आपलं एवढ्या वर्षांचं भांडण मी जिंकले आणि ज्याला सांगायचं तो मेलेला. जिंकल्याचा असा राग कुणाला आला नसेल.

गुरुजींना कमी ऐकू येतं, त्यांचं आपलं चालूच होतं. "पण एक शास्त्री असंही म्हणाले की आई मेली तरी तिचं कातडं शाबूत असेल, तर ते पिल्लू पोरकं धरायचं नाही. कातड्यात गुंडाळून ऊब देत असतील, म्हणून असेल. कातडं होतं का?"

मी बशी उचलायला वाकले.

एस्तेर, साधी बाई, डोळे पुसत म्हणाली, "आहे की गुरुजी. अजून आहे. आक्काच्या पलंगाखाली, टोपलीत."

म्हणजे बघ. तूच मीठ चोळून ते कातडं टोपलीत अंथरलंस, आणि मीच ते इतकी वर्षं जपलं. तुझी माया माझ्या आड आली आणि माझी मायाही माझ्याच आड आली. मी गुरुजींना म्हटलं, "एकाच शास्त्र्याचं म्हणणं ना ते? बाकीच्यांचं नाही ना?" ते म्हणाले, "बाई, त्यांचाही वाद मिटला नाही." मग त्यांनी दुसरा चहा मागितला.

परवा मोजणी केली आम्ही. एस्तेर आयांना घेऊन बाहेर उभी राहिली, काठी मी धरली. गुडघ्यांनी उकिडवं बसू दिलं नाही, म्हणून स्टूल घेतलं. हसू नको. चौदा करडं. दहावं निघालं एक मळकट, कान दुमडलेलं, पोट खपाटीला गेलेलं. शेजारची म्हणाली, "हे काय देवाला देता!" मी म्हटलं, "मी बघितलं न्हाई चांगलं का वाईट. तूही बघू नको." गेरूचं बोट लावलं. माझाही हात थरथरला. तेव्हा मला कळलं की थरथरत्या हातानंही पुढं "अकरा" म्हणावं लागतं, नाहीतर मागची सगळी करडं अडून राहतात, आणि बाहेर आया ओरडत असतात. तू मला हे सांगायला पाहिजे होतंस. "त्या साली" म्हणून थांबलास. मी थांबवलं. ठीक आहे, निम्मा दोष माझा. निम्माच.

शेवटचं एक. एस्तेरनं तुझे कपडे काढले, चर्चमार्फत गरजूंना द्यायला. चांगलं केलं. त्या गठ्ठ्यात तुझी घोंगडी होती, ती काळी, शेळ्यांच्या वासाची, कोपऱ्यात विडीनं जळलेली. मातीच्या दिवशी मीच म्हणाले होते, "तीही देऊन टाक, नुसती वास मारते." परवा मोजणीवरून आले तर गठ्ठा ओसरीवर, न्यायला माणूस आलेला. मी गठ्ठा सोडला आणि घोंगडी ओढून काढली. माणूस म्हणाला, "आजी, यादीत लिहिलंय." मी म्हटलं, "खोड."

आता ती माझ्या अंथरुणावर आहे. एस्तेरला थंडी वाजली की ती येऊन निम्मी ओढून घेते.

म्हणजे मी त्या एका शास्त्र्याच्या बाजूनं गेले, हे मला कळतंय, याकू. कातडं शाबूत असलं तर पोरकं धरायचं नाही, मग ही घोंगडी असेस्तोवर मलाही नाही. म्हणजे तुझं खरं, चांदणीची मोजणी बरोबर. जा, जिंकलास.

पण राग गेला, असं समजू नको.

तुझी,
आक्का